फ्लायव्हीलवरचं स्वस्तिक

नाना, तुमच्या दारातल्या कडुनिंबाखाली, तुमच्याच गाडीत बसून हे लिहितोय. अक्षय्यतृतीयेचं, म्हणजे आपल्या आखाजीचं जेवण झालंय, घरात बायका आडव्या झाल्यात, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर पाठीला उशी लावून बसलोय. ही सीट तुमच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली आहे आणि तिथेच गंजून अडकली आहे. उशी नसेल तर माझा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. असोद्याहून धुळ्यापर्यंत मी असाच आलो, छाती स्टीअरिंगला टेकवून, हनुवटी वर करून. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने काळजीने विचारलं, बाबा, गाडी नवीनच शिकताय का. तुमच्या बहिणीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "छे, लग्नाच्या आधीपासून शिकताहेत."

पण गाडी आली, नाना. इंजिन दुसऱ्याचं, गिअरबॉक्स आपलाच, ड्रायव्हर हा असा, तरी आली. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. बाकीचं आता सावकाश सांगतो. मध्ये बोलू नका. गप्प बसायची सवय तुम्हाला कधीच नव्हती, पण आता इलाज नाही.

मागच्या आखाजीपासून सुरुवात करतो, कारण भानगड तिथूनच सुरू झाली. सुमनला माहेरी न्यायला तुम्ही दरवर्षीसारखे मुराळी होऊन आलात. असोद्यात आमच्या वयाच्या कुणाच्याही बायकोला न्यायला आता भाऊ येत नाही. बायका एसटीने जातात, नाहीतर मुलं मोटरसायकलवर सोडून येतात. तुम्ही मात्र ही पांढरी गाडी धुऊन, डोक्यावर टोपी चढवून यायचात, आणि गावाच्या वेशीपासून आमच्या दारापर्यंत हॉर्न वाजवत यायचात. मी म्हणायचो, नाना, हा हॉर्न कशासाठी, तुम्ही काय निवडणुकीला उभे आहात? तुम्ही म्हणायचात, "दाजी, हिला भाऊ आहे हे गावाला कळायला नको का?"

मागच्या वर्षी हॉर्नच्या आधी धूर आला. निळसर, दाट, शेजारच्या आबांना वाटलं कुणीतरी केळीच्या बागेत पाचट पेटवलंय. गाडी आमच्या खळ्याच्या तोंडाशी आली, आतून कुणी हातोडी आपटावी तसा आवाज झाला आणि इंजिनाने मान टाकली. पुन्हा काही ते हललं नाही. त्या वर्षी तुम्ही बहिणीला एसटीने नेलंत. बसमध्ये जागा एकच होती. सुमन बसली, तुम्ही तिच्या पिशव्या धरून उभे. बस हलताना तुम्ही खिडकीतून वाकून मला सांगितलंत की पुढच्या आखाजीला हिला याच गाडीतून नेणार. मी हात हलवला. मनात म्हटलं, याच गाडीतून न्यायचं तर पुढे बैल जुंपावे लागतील.

मी तर ती गाडी भंगारात द्या म्हणून कितीतरी महिने तुमच्या मागे लागलो होतो. तुमचं एकच टुमणं. बॉडी धड आहे, गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो, फक्त इंजिन गेलंय. "भाडेकरू मेला म्हणून कोणी घर पाडतं का, दाजी?" तेव्हा मी त्या दाखल्याला हसलो होतो. आता तुमच्या बंद खोलीच्या दाराकडे बघताना तोच दाखला आठवतो आणि हसू येत नाही.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवणारे, मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणारा. इंजिनाला हात लावायची पात्रता दोघांतल्या एकातही नव्हती. तरी आपण धुळ्याच्या भंगार बाजारात जुनं इंजिन शोधायला गेलो. तुम्ही मला आधीच पढवून ठेवलं होतं की तेलाचं झाकण उघडून आत बघायचं, बोट फिरवायचं, आणि काय दिसतं ते हळूच सांगायचं. मी एका इंजिनाचं झाकण उघडलं आणि दुकानदारासमोरच आनंदाने सांगितलं, नाना, हे घ्या, याचं तेल एकदम सायीसारखं दाट आणि पांढरं आहे, चांगलं जपलेलं दिसतं. तुम्ही माझा दंड धरलात आणि मला बाजूच्या टायरच्या ढिगाआड नेऊन समजावलंत की तेल सायीसारखं दिसतं म्हणजे त्यात पाणी शिरलंय. "दाजी, तुम्ही डेअरीत आला नाहीत." पुढचं इंजिन तुम्हीच निवडलंत. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तुम्ही इतका वेळ ऐकत होतात की दुकानदाराने विचारलं, काय सांगतंय? तुम्ही म्हणालात, धुळ्याला कंटाळलंय म्हणतं.

तुमच्याही चुका मला पाठ आहेत, हे विसरू नका. टेम्पोतून ते इंजिन आमच्या खळ्यात आलं, आपण ते जुन्या टायरवर बसवलं, आणि तुम्ही मोठ्या समारंभाने त्यात नवं तेल ओतायला घेतलंत. मी म्हटलं होतं की हे काम मिस्त्रीसाठी ठेवू. खालचा बोल्ट तुम्हीच धुवायला काढला होता आणि तो तुमच्या शर्टाच्या खिशात होता. वरून ओतलेलं सगळं तेल खालून तुमच्या चपलांवर आलं. तुम्ही शांतपणे खाली बघितलंत आणि म्हणालात, "बठ्ठा रस्ता मोकळा शे." सगळाच मोकळा होता. त्यानंतर दोन दिवस सुमन खळ्यात माती टाकत होती आणि आपल्या दोघांना चहा देत नव्हती.

आपण भांडलोही किती. आणि भांडताना एकदाही "तुम्ही" सुटलं नाही. तुम्ही बायकोचे थोरले भाऊ म्हणून मी तुम्हाला मान द्यायचा, मी घरचा जावई म्हणून तुम्ही मला. "अहो दाजी, तुमच्या डोक्यात नळ्या भरल्यात हो," असं कुणी कुणाला म्हणतं का? आपण म्हणायचो. आबा खळ्याच्या भिंतीवरून ऐकत असायचे. त्यांना वाटायचं, ही माणसं इतकी अदबीने बोलताहेत म्हणजे लग्नाची बोलणी चाललीत.

सगळ्यात लांबलेलं भांडण नारळाचं. इंजिन खळ्यात उतरलं त्याच दिवशी मी नारळ आणून कोनाड्यात ठेवला होता. माझं म्हणणं साधं होतं. परक्याचं इंजिन, ते कुठल्या गाडीतून निघालं, त्या गाडीचं आणि तिच्या माणसांचं काय झालं, आपल्याला ठाऊक नाही. बसवायच्या आधी पूजा करू, नारळ फोडू, मग हात लावू. तुम्हाला ते पटेना. देव तुम्ही मानायचात, शाळेतला गणपती दरवर्षी तुमच्याच हातचा असायचा. पण कामाच्या आधी पूजा म्हणजे देवाला जामीन ठेवणं, असं तुमचं मत. आधी आपलं काम नीट करा, गाडी चालली की आभार माना. "हाई इंजिन शे दाजी, देव्हारा नही." दर खेपेला आलात की कोनाड्यातला नारळ कानाशी हलवून बघायचात आणि पाणी अजून आहे म्हणून माझ्याकडे बघून मान डोलवायचात. ना मी फोडला, ना तुम्ही फोडू दिलात.

मग तो फोन. हिवाळा संपत आला होता. मिस्त्रीने इंजिनाची मागची बाजू उघडून ठेवली होती. क्लचचं काम राहिलं होतं, आणि त्यासाठी तुम्ही घरी बसून लाकडाची एक खुंटी कोरून पाठवली होती. क्लच प्लेट बरोबर मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्या खुंटीने ती मध्यावर धरायची. एवढी सुबक खुंटी, की सुमनला ती देवघरातली वाटली आणि तिने ती समईशेजारी ठेवून दिली. मी फोनवर म्हटलं, नाना, खुंटी आली, प्लेट आहे, मी बसवून टाकतो. तुम्ही फोनवरच ताडकन म्हणालात, "दाजी, मी येस तवलग थांबा. प्लेटले तेलकट हात लागाले नको." शनिवारी येतो म्हणालात.

शनिवारी आम्ही आलो.

त्या दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्हाला ते ठाऊक नाही आणि कळायलाही नको. तेरावा झाला, आम्ही असोद्याला परतलो, आणि खळ्यात ते इंजिन टायरवर तसंच बसलेलं होतं, पाठ उघडी टाकून, अंगावर खताची गोणी. मला त्याचा राग आला. दुसऱ्याच्या मेलेल्या गाडीतलं इंजिन जिवंत बसलंय, आणि.

जाऊ द्या.

चैत्र लागला तसं गावात आखाजीचं बोलणं सुरू झालं. झाडांना झोके दिसायला लागले. मी सुमनला म्हटलं, यंदा धुळ्याला तुमच्या नावाची पहिली पितरांची घागर भरणार, वहिनी एकट्या आहेत, आपण जायला हवं. तिने भाकरी थापता थापता सांगितलं, "माले नही जानं." धुळ्याची भाषा तिच्या तोंडी आली की समजायचं, आता वाद घालण्यात अर्थ नाही. आई-वडील आधीच गेलेले. मुराळी कोण येणार, आणि मुराळी आल्याशिवाय ती कधी गेली नव्हती. नवऱ्याबरोबर आखाजीला माहेरी जाणं म्हणजे बाजाराला जाणं, असं तिला वाटायचं. मी समजावलं, रागावलो, वहिनींना फोन लावून दिला. वहिनीच उलट म्हणाल्या, नको व बाई, तू नको येऊस, मला बघवणार नाही. दोघी फोनवर रडल्या आणि दोघींनी मिळून ठरवलं की यायचं नाही. मी फोन लावून देऊन हे काम केलं.

शेवटी एका संध्याकाळी सुमन म्हणाली, "भाऊच्या गाडीतून नेणार असाल तर येते." म्हणाली आणि आत गेली. तिने तो नकारच दिला होता, नाना. माझ्या हातून ती गाडी रस्त्यावर येईल यावर तिचा काडीइतका विश्वास नव्हता. तिचा अनुभव मोठा आहे. पण मला तो शब्द पुरला. सकाळी उठून मी इंजिनावरची गोणी काढली.

आता जे सांगतोय ते बसून ऐका.

युवराज मिस्त्री आला, त्याने फ्लायव्हीलला पॉलिश पेपर मारला. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पाठीवरचं ते जड लोखंडी ताट. त्याच्यावर क्लच प्लेट घट्ट चिकटली तरच इंजिनाची ताकद चाकांना मिळते. हे तुम्हीच मला पेन्सिलने काढून दाखवलं होतं, दुकानाच्या कॅलेंडरच्या पाठीवर. मिस्त्रीने ते ताट असं चकचकीत केलं की त्यात मला माझी मिशी दिसली. मग तो भावकीतल्या लग्नाला पाचोऱ्याला निघून गेला. लगनसराईत मिस्त्री म्हणजे पाहुणाच, आला तर आला. दिवस जात होते. प्लेट समोर, खुंटी समोर, आणि मला अडवायला आता कुणी नव्हतं.

मी विचार केला, वाद मी जिंकलोय. समोरचा पक्षच हजर नाही. आधी पूजा करू.

इंजिनाचा बाकी सगळा भाग काळा, चिकट, तेलकट. देवाचं चिन्ह काढायला एकच जागा स्वच्छ होती. मी वाटीत तेलात शेंदूर खलला, चांगला सढळ हाताने, आणि त्या चकचकीत फ्लायव्हीलवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. अक्षता वाहिल्या, जास्वंदीचं फूल ठेवलं. नारळ मात्र फोडला नाही. हात कोनाड्याकडे गेला, तुम्ही तो हलवून बघायचात ते आठवलं, आणि हात परत आला. मग अक्षता आणि फूल झटकलं. स्वस्तिक कसं पुसणार? ओल्या शेंदराचं स्वस्तिक स्वतःच्या हाताने पुसायचं, तेही तुमच्या गाडीवरचं, या वर्षी? माझी हिंमत झाली नाही. आणि तुमचं सांगणं तर पक्कं लक्षात होतं, तेलकट हात लावायचे नाहीत. म्हणून मी हौदावर जाऊन हात साबणाने घासून धुतले, स्वच्छ फडक्याला पुसले, प्लेट अगदी कडेने धरली, आणि अलगद त्या तेलाच्या स्वस्तिकावर बसवली.

हसा. मीही आता हसतो. देवाचं तेल हे तेलात मोजत नाहीत, असं माझ्या मनाने परस्पर धरून टाकलं होतं.

वर झाकण ठेवून बोल्ट आवळले. तुमच्या खुंटीने प्लेट मध्यावर अशी बसली की मिस्त्री लग्नाहून परत आल्यावर चकित झाला. म्हणाला, काका, तुम्ही बसवली? मी म्हटलं, नाहीतर काय. गिअरबॉक्सचा दांडा पहिल्या झटक्यात आत गेला. साखळीची कप्पी कडुनिंबाच्या फांदीला बांधून इंजिन गाडीत उतरवलं, नळ्या जोडल्या. नळ्या मीच जोडल्या, त्यात मला कुणी शिकवू नये. किल्ली फिरवली आणि ते सुरू झालं. नाना, काय गोड सुरू झालं. खळ्यात चार माणसं उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी विचारलं, धूर कुठे आहे?

मी उशी घेतली आणि जळगावकडे निघालो. सपाटीवर चालली. मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलतही होतो, जरा चढेलपणानेच, की बघा, आधी पूजा केली ती बाधली का? मग रेल्वेच्या पुलाचा चढ आला. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी रांगायला लागली. आणखी दाबला, ते आणखी ओरडलं, गाडी आणखी हळू झाली. दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला माझ्या बाजूने पायी सायकल ढकलत पुढे निघून गेला आणि जाताना त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. आणि वास. जळक्या क्लचचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण यात होमाचाही वास होता. पुलाच्या मध्यावर गाडी थांबली, आणि मग हळूहळू, मागे मागे, माझ्या घराच्या दिशेने यायला लागली.

ट्रॅक्टरने ओढून आणली. सुमन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. मला होतंच ठाऊक, असा तो चेहरा होता. ती आत गेली. मी मिस्त्रीला तिथल्या तिथे सांगितलं, गिअरबॉक्स उद्या खाली. तो म्हणाला, काका, आखाजी तोंडावर आलीय, जाऊ द्या, बसने जा. मी म्हटलं, बसने जायचं असतं तर नाना वारले नसते. याचा अर्थ काय ते मलाही कळलं नाही, पण मिस्त्री सकाळी आला.

गिअरबॉक्स उतरला. झाकण निघालं. प्लेट निघाली. तिच्या अस्तरावर काळ्यात भगवं असं एक गोल कडं उमटलेलं होतं, आणि फ्लायव्हीलवर त्याच रंगाचं, फासलेलं, करपलेलं कडं. मिस्त्री कितीतरी वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, हे शेंदूर आहे का?"

चहा घेऊन सुमन आली होती. तिने वाकून बघितलं. तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण तिच्या देव्हाऱ्यातली वाटी कितीतरी दिवस सापडत नव्हती. आणि नाना, ती हसली. तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग पदर सुटला, मग कपबशी खाली ठेवून कडुनिंबाच्या बुंध्याला धरून हसली. माघापासून तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "भाऊ असता तर," म्हणाली, आणि पुन्हा हसली, "भाऊ असता तर यांना या गाडीच्या डिकीत घालून..." तिथे तिच्या हसण्याचं रडू झालं आणि ती खळ्यात खाली बसली. मी तिच्याजवळ बसलो. मिस्त्री उगाचच पाना शोधायला निघून गेला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पदर खोचला, आणि मला विचारलं, हे पुसतात कशाने? पेट्रोलने, म्हटलं. तिने फडकं मागितलं. ज्याला हात लावायची माझी छाती झाली नाही ते कडं तिने खरवडून, पेट्रोलने धुऊन, पुन्हा पॉलिश पेपर मारून पार घालवलं. मी म्हटलं, अगं, स्वस्तिक आहे. ती म्हणाली, देवाला इथे बसायचं असतं तर त्याने सांगितलं असतं. हुबेहूब तुम्ही. मला वाटलं, समोरचा पक्ष हजर झाला.

जळगावहून नवी प्लेट आणली. सुमनने तुमची खुंटी मध्ये घट्ट धरली, मी बोल्ट आवळले. या वेळी मिस्त्रीने दोघांचे हात तपासले. मग पुन्हा तो पूल. या वेळी सुमन शेजारी बसलेली. इंजिन ओरडलं नाही. गाडी चढ चढली आणि पलीकडे उतरली. पुढे जाऊन वळलो आणि पुन्हा एकदा चढलो, नुसतं खात्रीसाठी. आरटीओतून इंजिनाचा नवा नंबरही चढवून घेतला. तुम्ही असता तर त्या रांगेतही भांडला असतात.

आज पहाटे मी तुमच्यासारखी टोपी घातली. सुमन आत पिशवी भरत होती. मी गाडी काढली, एकटाच गावाच्या वेशीपर्यंत गेलो, वळलो, आणि तिथून आमच्या दारापर्यंत हॉर्न वाजवत आलो. हॉर्न तुमचाच आहे, नाना, त्याला काही झालेलं नाही. दारं उघडली. कुत्री धावली. आबा ओट्यावर येऊन म्हणाले, "काय रे, सोताच्याच बायकोले घ्याले आला का तू?" मी म्हटलं, हो आबा, घ्यायला आलो. ते हसणार होते, पण हसले नाहीत. आत गेले आणि केळीचा एक घड आणून मागच्या सीटवर ठेवला. धुळ्याला द्या म्हणाले.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. दर आखाजीला तो हॉर्न वेशीवर ऐकू आला की मी मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसायचो, जणू मला काही कामच आहे. तुम्ही सुमनला भेटून झाल्यावर "दाजी कुठे शेत?" म्हणून हाक मारायचात, आणि त्या हाकेसाठी मी थांबलेला असायचो. मला भाऊ नाही. तिला भाऊ आहे हे तुम्ही गावाला सांगत यायचात, त्यातला थोडा हिस्सा मी गुपचूप माझ्याकडे वळवून घेत होतो. हॉर्नबद्दल तुम्हाला टोमणे मारत होतो ते त्यामुळेच.

सुमन बाहेर आली, नव्या साडीत नाही, साध्याच. तिने माझ्या टोपीकडे बघितलं. मग पुढच्या सीटवर बसली.

धुळ्याला तुमच्या घराच्या वळणावर आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तुमच्या दारात गाडी थांबवताना मी क्लच सोडला आणि गाडी उडी मारून बंद पडली. तेवढं चालायचं. वहिनी दारात आल्या. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तांब्या होता, पण त्या उंबऱ्याच्या आतच थांबल्या. शेजारच्या एका बाईला त्यांनी पुढे व्हायला खूण केली. तिने ओवाळावं, आपण नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

सुमनने गाडीचं दार उघडलंच नाही. काच खाली केली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हीच ओवाळा. नाहीतर मी उतरत नाही. यांना गाडी मागे घ्यायला सांगते."

गाडी मागे घ्यायला मला जमत नाही हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी हसलं नाही. वहिनी उभ्या राहिल्या. मग त्या उंबरा ओलांडून आल्या. "ऊनी का व सुमन," आलीस का गं, असं म्हणाल्या, आणि तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पाणी टाकलं. मग माझ्यावरून. मग जरा थांबून त्यांनी बोनेटवर हात ठेवला. ते तापलेलं होतं, तरी हात लगेच काढला नाही. उरलेलं पाणी त्यांनी त्याच्यावरून ओवाळलं.

तेव्हा मी डिकी उघडून नारळ काढला. तोच, कोनाड्यातला. हलवून बघितला, आवाज आला नाही. तुमच्या पायरीवर फोडला. पाणी निघालं नाही, आत अख्खा सुका गोटा निघाला. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, सांजोऱ्यांना कमी पडत होतं. तुमच्या घागरीवर खरबूज ठेवलंय, आंबा ठेवलाय, आणि या नारळाच्या खोबऱ्याची सांजोरी ठेवलीय. दोघी मिळून करत होत्या. चूल धुमसत होती आणि दोघी एकमेकींवर धूर केल्याचा आरोप करत होत्या.

वहिनींनी जेवताना विचारलं, पुढच्या आखाजीला? मी म्हटलं, मुराळी ठरलेला आहे, टोपी सांभाळून ठेवलीय. मिस्त्री म्हणाला होता, सीटची पट्टी तोडून पुढे घेऊन देतो. मी नको म्हटलं. उशी पुरते.

तर नाना, आधी गाडी आली, मग नारळ फुटला. वाद तुम्ही जिंकलात. माझं सांगून झालं. आता बोला.